राजा कोण करतो? : किशोरांच्या नाट्यशिक्षणातला अधिकाराचा प्रश्न

नाटकातला राजा मुकुटाने सिद्ध होत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला राजाचे काम दिले की तो छाती काढतो, आवाज चढवतो, कमरेवर हात ठेवतो आणि बहुधा फसतो. बघणाऱ्याला भांडायला निघालेला मुलगा दिसतो, राजा दिसत नाही. त्याच प्रवेशातल्या उरलेल्या पाच-सहा जणांना एवढेच सांगून पाहावे की तो आत आला की बोलणे थांबवा, त्याच्या वाटेतून सरका, त्याने विचारल्याखेरीज तोंड उघडू नका. मग त्या मुलाने काही केले नाही तरी राजा उभा राहतो. राजाचे काम नट करत नाही, दरबार करतो, असे नाटकवाले पूर्वीपासून म्हणत आले आहेत. तालमीतल्या या युक्तीच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. माणसाचे मोठेपण त्याच्या ठायी असते की इतरांच्या वागण्यात? ते स्वभावातून येते, ईश्वराने नेमून दिलेले असते, की लोकांनी दिले म्हणून असते आणि त्यांनी काढून घेतले की जाते? किशोरांना सामाजिक दर्जा आणि सत्ता रंगमंचावर दाखवायला शिकवणारा शिक्षक, त्याच्या मनात असो वा नसो, या प्रश्नाचे कोणते ना कोणते उत्तर शिकवतच असतो.

आठवी-नववीतली मुले दर्जाच्या बाबतीत कमालीची सावध असतात. कोण कोणाशेजारी बसतो, मागच्या बाकावरचा हक्क कोणाचा, कोणाच्या विनोदाला सगळे हसतात आणि कोणाच्या विनोदाला कोणीच हसत नाही, याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. शाळेनेही त्यांना एक तयार नमुना दिलेला असतो, तो म्हणजे मॉनिटर. शिक्षक वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा अधिकार एका मुलाला मिळतो, आणि तेवढ्या वेळात त्याची मान, त्याचा आवाज, खडू धरण्याची त्याची पद्धत बदलते. शिक्षक परत आले की सगळे पूर्ववत होते. सत्ता शरीरात कशी शिरते आणि कशी उतरते हे शिकवायला याहून चांगले साहित्य शोधण्याची गरज नाही. अडचण एवढीच की मुले हे सारे जाणतात, पण त्याकडे कधी निरखून पाहत नाहीत.

निरखून पाहण्याची एक शिस्त कीथ जॉनस्टन (१९३३–२०२३) यांनी घालून दिली. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये नटांना शिकवताना त्यांच्या लक्षात आले की साधे, रोजचे संभाषण रंगमंचावर आणायला गेले की ते निर्जीव होते. त्यांनी नटांना सांगितले की समोरच्यापेक्षा आपला दर्जा किंचित वर किंवा किंचित खाली ठेवा, आणि तेच संभाषण जिवंत झाले. १९७९ साली निघालेल्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात त्यांनी याची मांडणी केली. तिच्यातला कळीचा मुद्दा असा की दर्जा ही माणसाजवळ असणारी वस्तू नसून तो करत असलेली कृती आहे. बोलताना डोके स्थिर ठेवणारा वर जातो. वारंवार चेहऱ्याला हात लावणारा खाली येतो. वाक्याआधी लांबवलेला ‘अंऽऽ’ समोरच्याला थांबवून ठेवतो, तर तोच ‘अं’ तोकडा आणि घाईचा असला की बोलणारा परवानगी मागतो आहे असे वाटते. दोघांपैकी एक वर गेला की दुसरा आपोआप खाली येतो. म्हणून स्वतःला मोठे करण्याचे दोन मार्ग होतात: आपण वर चढणे किंवा समोरच्याला उतरवणे. महाराष्ट्रातल्या नाट्यशिबिरांतही याला आता सरळ ‘स्टेटस’ म्हणतात.

जॉनस्टन यांनी आपल्या शाळेतल्या तीन शिक्षकांचे उदाहरण दिले आहे. एक प्रेमळ होता, पण वर्ग त्याला जुमानत नसे. दुसऱ्याचा दरारा होता आणि मुले त्याला घाबरत. तिसरा मात्र क्षणात मुलांच्या बरोबरीला येई आणि क्षणात वर्ग शांत करी. तो आपला दर्जा हवा तेव्हा वर-खाली नेऊ शके. पहिल्या दोघांना एकच जागा येत होती. हे उदाहरण अभिनयापुरते राहत नाही. हुद्दा एक आणि निभावलेला दर्जा दुसरा असू शकतो हे त्यातून कळते, आणि विनोदी नाटकाचा बराचसा संसार याच फटीत थाटलेला असतो. तमाशातला सोंगाड्या राजाचा हुजऱ्या असतो, पण प्रवेश त्याच्या ताब्यात असतो.

नाट्यवर्गात सर्रास खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ हीच गोष्ट फार थोडक्यात दाखवतो. प्रत्येकाच्या कपाळावर पत्त्यांच्या कॅटमधले एक पान लावायचे. स्वतःचे पान कोणी पाहायचे नाही, दुसऱ्याचे मात्र सगळ्यांना दिसते. मग बाजार, लग्न किंवा एसटीचा थांबा असा प्रसंग घेऊन ज्याचे जसे पान तशी त्याच्याशी वागणूक ठेवायची. काही मिनिटांनी सर्वांना क्रमाने रांगेत उभे राहायला सांगितले, की बहुतेक मुले आपली जागा जवळपास बरोबर ओळखतात. राजा आणि दुर्री यांना तर क्षणभरही शंका नसते. घोटाळा होतो तो पंजा-छक्का-सत्ता यांचा, आणि खेळातला सगळ्यांत शिकण्याजोगा भाग तोच आहे. त्याकडे पुढे परत यावे लागेल. आपण कोण हे इतरांच्या डोळ्यांतून वाचता येते, हे तत्त्वज्ञानातले विधान या मुलांनी व्याख्यानाशिवाय अनुभवलेले असते.

भरताचे नाट्यशास्त्र या प्रश्नाकडे अगदी दुसऱ्या टोकाने येते. तेथे दर्जा आधी ठरलेला आहे आणि नटाने तो मोजून दाखवायचा आहे. पात्रे उत्तम, मध्यम आणि अधम अशी विभागलेली. गतिविचारात देव आणि राजे यांचे पाऊल चार ताल अंतराचे, मध्यमांचे दोन ताल आणि स्त्रिया व अधम पात्रे यांचे एक ताल. वेळेचेही माप तसेच, चार कला, दोन कला, एक कला. थोडक्यात, मोठ्या माणसाला जागा जास्त आणि घाई कमी. हे निरीक्षण आजही खोटे ठरलेले नाही. साहेबाच्या केबिनमध्ये कोण किती सावकाश चालतो ते पाहावे. भाषेचेही असेच वाटप होते. उत्तम पुरुष संस्कृत बोलतात. स्त्रिया आणि खालची पात्रे प्राकृते बोलतात. विदूषक जन्माने ब्राह्मण असून प्राकृत बोलतो, आणि राजाला तोंडावर चार गोष्टी सुनावण्याची मुभा नेमकी त्यालाच असते. दर्जाच्या काटेकोर कोष्टकात शास्त्रकारांनीच एक खिडकी उघडी ठेवली होती.

त्याच ग्रंथात दर्जाविषयी दोन कथाही आहेत आणि त्या एकमेकींना छेद देतात. पहिल्या अध्यायात नाट्याची निर्मितीच अशासाठी होते, की शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नाही. तेव्हा सर्व वर्णांसाठी पाचवा वेद हवा. ग्रंथाच्या शेवटी मात्र भरताचे पुत्र विद्येच्या मदाने ऋषींची टिंगल करणारा प्रयोग करतात, आणि ऋषी त्यांना शूद्र होण्याचा शाप देतात. सर्वांसाठी असलेली कला वरच्यांची नक्कल करू लागली की तिचा स्वतःचा दर्जा काढून घेतला जातो. सत्तेचे चित्रण ही सत्तेला न मानवणारी गोष्ट आहे, हे इतक्या जुन्या काळी कथेच्या रूपाने नोंदले गेले आहे. पुढे नहुष राजा हे नाट्य पृथ्वीवर आणतो, आणि नटांचा धंदा चालू राहतो.

भाषेच्या त्या जुन्या वाटपाचा वारसा मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनांत आजही दिसतो. नोकर, शेतकरी, हवालदार यांच्या तोंडी हशा मिळवण्यासाठी ‘गावठी’ बोली आणि डॉक्टर, वकील, आई-वडील यांच्या तोंडी प्रमाण मराठी. लेखकाने हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला नसतो. तो आयता आलेला असतो. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या ‘ती फुलराणी’ (१९७५) या नाटकाचा सारा डोलारा या निर्णयाकडे रोखून पाहण्यावर उभा आहे. तेथे उच्चार बदलून मुलीचा दर्जा बदलता येतो, पण तिला माणूस म्हणून वागवणे हा शिकवणाऱ्याचा प्रश्न आहे आणि त्यात तो नापास होतो. प्रमाण भाषा बोलणाऱ्या मुलाला नोकराचे आणि घरी वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलीला तिच्याच बोलीत न्यायाधीशाचे काम दिले, तर वर्गाला एका तालमीत जे कळते ते भाषाविषयक निबंधातून कळत नाही. हशा येईनासा होतो, आणि तो का येत होता हे विचारता येते.

या सगळ्याला सर्वांत गंभीर आक्षेप प्लेटोचा आहे. ‘रिपब्लिक’मध्ये नगराचे रक्षक घडवताना तो मुलांना गुलाम, वेडे, भेकड आणि नीच माणसे यांचे अनुकरण करू देत नाही. लहानपणापासून केलेले अनुकरण शरीरात, आवाजात आणि विचारात मुरते आणि दुसरा स्वभाव होऊन बसते, असे त्याचे म्हणणे आहे. हा आक्षेप मागासलेला म्हणून बाजूला सारण्याची प्रथा आहे, पण ते बरोबर नाही. १९६७ साली अमेरिकेत पालो आल्टो येथील एका माध्यमिक शाळेत रॉन जोन्स या इतिहासाच्या शिक्षकाने नाझी राजवट सामान्य लोकांना कशी चालली हे समजावण्यासाठी वर्गात एक प्रयोग सुरू केला. ताठ बसायचे, उभे राहून थोडक्या शब्दांत उत्तर द्यायचे, ठरलेला सलाम करायचा. ‘थर्ड वेव्ह’ असे नाव दिलेली ही चळवळ काही दिवसांतच वर्गाबाहेर पसरली, मुले एकमेकांच्या चहाड्या सांगू लागली, आणि पाचव्या दिवशी जोन्स यांना ती बंद करावी लागली. अधिकाराची नक्कल मुरते, आणि ती सुखावते म्हणूनच लवकर मुरते.

तरी या घटनेवरून प्लेटोला जिंकून देता येत नाही. त्या वर्गात नाटकाची एकही खूण नव्हती. प्रेक्षक नव्हते, सुरुवात-शेवट ठरलेला नव्हता, भूमिकांची अदलाबदल नव्हती. आणि मुख्य म्हणजे आपण नाटक करतो आहोत हे मुलांना सांगितलेले नव्हते. भारतीय रसविचारात भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी साधारणीकरणाची कल्पना मांडली ती इथे उपयोगी पडते. रंगमंचावरचा क्रोध किंवा भय नटाचेही नसते आणि प्रेक्षकाचेही नसते. ‘माझे’ आणि ‘त्याचे’ या बंधनांतून ते सुटलेले असते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. पूर्वरंग, नांदी, सूत्रधार यांचा खटाटोप हे बंधन सोडवण्यासाठीच असतो. जोन्स यांच्या वर्गात सूत्रधार नव्हता. जो होता तोच हुकूमशहाचे काम करत होता.

किशोराला सत्तेचा मुखवटा द्यावा कसा, याचे सर्वांत नेमके उत्तर एका धर्मचिंतकाने दिले आहे, आणि तेही एका किशोरालाच. १६६० च्या सुमारास ब्लेझ पास्काल याने एका मोठ्या उमरावाच्या मुलाला थोरांच्या स्थितीविषयी तीन छोटी प्रवचने दिली. पास्कालच्या मृत्यूनंतर प्येर निकोल याने ती आठवणीने लिहून काढली आणि १६७० मध्ये राजपुत्राच्या शिक्षणावरील आपल्या ग्रंथात छापली. हा मुलगा ल्वीन घराण्यातला, चौदाएक वर्षांचा असावा, असे अभ्यासक मानतात.

पास्काल एका दृष्टान्ताने सुरुवात करतो. वादळात सापडून एक माणूस अनोळखी बेटावर फेकला जातो. तेथल्या लोकांचा राजा हरवलेला आहे आणि हा नेमका त्याच्यासारखा दिसतो. लोक त्याला राजा समजतात. आधी तो गोंधळतो, मग नशिबाला मान देऊन राजासारखा वागू लागतो. पण आपण कोण हे त्याला विसरता येत नाही. त्यामुळे त्याच्या मनात दोन विचार एकाच वेळी चालतात: एकाने तो राजा म्हणून वागतो, दुसऱ्याने आपली खरी स्थिती ओळखतो. पहिला तो लोकांना दाखवतो, दुसरा स्वतःपाशी ठेवतो. पास्काल त्या मुलाला सांगतो की तुझी सरदारकी याहून वेगळी नाही. तू ज्या घरात जन्मलास ते योगायोगाने, आणि वडिलांची मालमत्ता मुलाला मिळते तीही कायदा करणाऱ्यांना तसे वाटले म्हणून. त्यांना दुसरे काही वाटले असते तर तेही चालले असते.

दुसऱ्या प्रवचनात तो मोठेपणाचे दोन प्रकार करतो. एक नेमलेले, म्हणजे समाजाने ठरवून दिलेले. दुसरे स्वाभाविक, म्हणजे बुद्धी, सद्गुण, आरोग्य, बळ यांचे. नेमलेल्या मोठेपणाला नेमलेला मान द्यावा, तो बाहेरचा असतो. स्वाभाविक मोठेपणाला खरा आदर द्यावा, तो आतला असतो. सरदाराला मुजरा करणे भाग आहे, पण तो गुणी नसेल तर आदर करणे भाग नाही. तिसऱ्यात तो आणखी पुढे जातो: लोक तुझ्याभोवती जमतात ते त्यांना हव्या असलेल्या वस्तू तुझ्या हातात आहेत म्हणून. तेव्हा त्यांच्यावर जुलूम करू नकोस, उदार राहा. आणि मग, धर्मोपदेशकाला शोभेल अशा निर्दयतेने, तो बजावतो की एवढ्यावरच थांबलास तरी तुझा आत्मा वाया जाईल, फक्त सभ्य माणसासारखा वाया जाईल.

नटाला दुसरे काय शिकवतात? राजा म्हणून वागताना आपण राजा नाही हे न विसरणे, आणि ते न विसरताही राजेपण पुरेपूर निभावणे. पास्कालचा दुहेरी विचार हा अभिनयाचाच पाठ आहे, आणि तो फक्त रंगमंचावरच्या राजाला लागू होत नाही. खरा सरदारही बेटावरचाच माणूस आहे. किशोरांच्या वर्गात हे दृष्टान्तनाट्य जसेच्या तसे उभे करता येते: एका मुलाला बाहेर पाठवायचे, तो परत आल्यावर सगळ्यांनी त्याला हरवलेला राजा मानायचे, आणि आपण कोण हे त्याने कोणाला कळू द्यायचे नाही. पाहण्यासारखे असते ते हे, की किती वेळाने तो स्वतःच हुकूम सोडू लागतो.

मात्र पास्कालचे उत्तर वरच्या माणसासाठी होते. खालच्या माणसाला तेच सांगितले की त्याचा अर्थ बदलतो. एपिक्टेटस हा स्तोइक तत्त्वज्ञ स्वतः गुलाम होता. त्याच्या शिकवणीत माणूस नाटकातला नट आहे. भूमिका कोणती हे नाटककार ठरवतो, भिकाऱ्याची दिली तर ती उत्तम करावी. सतराव्या शतकातील स्पॅनिश नाटककार काल्देरोन याने ‘जगाची महान रंगभूमी’ या धार्मिक नाटकात हीच कल्पना रंगवली. त्यात ईश्वर हा लेखक राजा, श्रीमंत, शेतकरी, सौंदर्य, दरिद्री यांना भूमिका वाटतो. दरिद्री तक्रार करतो, आणि त्याला उत्तर मिळते की किंमत भूमिकेला नाही, ती निभावण्याला आहे. सांत्वन म्हणून हे थोर आहे. गुलामाने स्वतःला सांगितले तर ते स्वातंत्र्यही असू शकते. पण मालकाने गुलामाला सांगितले की ती व्यवस्थेची राखण होते, आणि ही कल्पना इतिहासात बहुधा मालकांनीच सांगितली आहे. स्वधर्माच्या नावाने वर्णव्यवस्थेचे समर्थन झाले तेव्हाही युक्तिवाद याच वळणाचा होता.

अद्वैत वेदान्त आणखी खोल जातो. दर्जा ही उपाधी आहे, आत्म्याला चिकटलेली बाह्य गोष्ट. लाल फुलाजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो तशी. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘मनीषापंचका’ची कथा प्रसिद्ध आहे. काशीत वाटेत आलेल्या चांडाळाला आचार्यांनी बाजूला हो म्हटल्यावर तो विचारतो की बाजूला कोणी व्हायचे, देहाने की चैतन्याने? या प्रश्नापुढे आचार्य नमतात. ही कथा शाळांतून नाट्यरूपात सादर होते तेव्हा ती जवळजवळ नेहमी आचार्यांच्या नम्रतेवर संपवली जाते. चांडाळाला पुढच्या वळणावर कोण भेटले, हा प्रवेश कोणी लिहीत नाही. कथेत तो शिवाचा अवतार निघतो, म्हणून त्याची गरजही पडत नाही.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांत जे केले ते रंगभूमीच्या दृष्टीने जास्त धीट होते. जोशी, वासुदेव, गोंधळी यांच्याबरोबर त्यांनी महाराचे सोंग घेतले. ‘जोहार’ हा महारांनी वरच्या जातींना करायचा बंधनकारक नमस्कार. भारुडात तो नमस्कार करणाराच गावाला परमार्थाचे ज्ञान देतो. शरीर वाकलेले आणि शब्द वर. जॉनस्टन यांच्या भाषेत हुद्दा खाली आणि निभावलेला दर्जा वर, असा हा प्रवेश आहे. किशोरांना तो करायला देणे फार फलदायी ठरते, पण एक प्रश्न जोडून: हे सोंग उतरवता कोणाला येत होते? एकनाथ भारुड संपल्यावर एकनाथ होते. त्यांच्या दोन शतके आधीचा चोखामेळा जोहार घालत होता ते सोंग नव्हते. त्याची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ आहे, आणि त्याच्या समाजाला मंदिराचे दार उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. दर्जा हे सोंग आहे, हे तत्त्वज्ञान म्हणून खरे असले तरी काही सोंगे अंगावरून निघत नाहीत, कारण ती इतरांच्या हातात शिवलेली असतात.

येथे पत्त्यांच्या खेळातले पंजा-छक्का परत येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले: वर एक आणि खाली एक अशी ती दोन पायऱ्यांची नाही, प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे, आणि म्हणून प्रत्येकाला ती टिकवण्यात थोडा लाभ आहे. शाळकरी नाटकात सत्ता दाखवायची म्हटले की जुलमी सावकार आणि गरीब शेतकरी एवढीच दोन टोके येतात. दोन टोकांचे नाटक सोपे असते, कारण प्रेक्षकांतला प्रत्येकजण स्वतःला शेतकऱ्याच्या बाजूला बसवून मोकळा होतो. खरे शिक्षण मधल्या पानांत आहे: कारकून, शिपाई, मुकादम, हवालदार, मोठी सून. ही माणसे एकाच प्रवेशात दोन दर्जे वागवतात. फोनवर साहेबाशी बोलताना पाठीचा कणा एक आणि फोन ठेवून समोरच्या अर्जदाराकडे वळताना दुसरा. किशोर नटाच्या कौशल्याची परीक्षा घ्यायची तर ती या वळण्याच्या क्षणात घ्यावी.

मराठी नाटकांत याचे दोन उत्तम पाठ आहेत. जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ (१८५५) हे नाटक कुणबी जोडप्याला ग्रहांच्या भीतीने लुबाडणाऱ्या जोशाची गोष्ट सांगते. त्यातला विदूषक, जो जुन्या नाट्यपरंपरेत राजाची फिरकी घेत असे, तो येथे भटशाहीच्या वर्मावर बोट ठेवतो. जोशाजवळ शस्त्र नाही, पैसा नाही. त्याची सत्ता समोरच्यांच्या भयावर चालते, आणि हे भय त्याने आधी निर्माण केलेले असते. नाटकाच्या अखेरीस ते जोडपे शिकायला निघते. धार्मिक अधिकार अभिनयातून कसा दाखवावा, याचा मुलांना हा साधा पण पक्का नमुना आहे: जोशी करणाऱ्याने भीती दाखवायची नाही, ती कुणब्याच्या अंगावर उमटू द्यायची.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) हा दुसरा. संपूर्ण नाटक त्यातल्या हिंसेमुळे आणि मुलीच्या सौद्यामुळे लहान वर्गांना देता येत नाही, पण त्याची रचना देता येते. प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिलेली पुणेरी ब्राह्मणांची रांग हाच पडदा असतो. तीच रांग भिंत होते, घर होते, जमाव होते. परक्या घाशीरामला चोर ठरवून मारणारे तेच, कोतवाल झाल्यावर त्याच्यापुढे थरथरणारे तेच, आणि नाना फडणवीसांनी हात काढून घेताच त्याला ठेचणारेही तेच. घाशीरामचे पद नानांच्या एका हुकमावर येते आणि एका हुकमावर जाते. ज्या मुलांना प्रमुख भूमिका मिळाली नाही म्हणून राग आलेला असतो, त्यांना भिंतीत उभे केले की राज्य कोण चालवते ते त्यांच्या पायांना कळते. ब्रेख्तच्या ‘गॅलिलिओ’ नाटकातला पोपचा प्रवेश याच्या जोडीला ठेवावा. गणिताची आवड असलेला नवा पोप सुरुवातीला गॅलिलिओच्या छळाला साफ नकार देतो. सेवक त्याच्या अंगावर एकेक वस्त्र चढवत जातात, इन्क्विझिटर बोलत राहतो, आणि पूर्ण पोशाख होईपर्यंत नकार इतका विरघळतो की छळाची साधने फक्त दाखवावीत, यावर तडजोड होते. माणूस पद घालतो की पद माणसाला, हा वाद त्या प्रवेशात वस्त्रांनीच चालवला आहे.

या सगळ्या शिकवण्याला एक धोका वर्गातच बसलेला असतो: भूमिकांचे वाटप. गोरा, उंच, फी वेळेवर भरणारा मुलगा राजा. सावळा मुलगा राक्षस. अबोल मुलगी दासी किंवा झाड. नाटकाच्या गोष्टीत समता आणि वाटपात पक्की विषमता, असे दृश्य बालनाट्य स्पर्धांत वर्षानुवर्षे दिसते. याला उत्तर म्हणून उलटे वाटप करणे पुरेसे नाही. वस्तीतल्या मुलाला पुन्हा झाडूवाल्याचेच काम ‘अनुभवाशी जवळचे’ म्हणून देणे हे निष्ठुर, आणि त्याला फक्त राजा देऊन मोकळे होणे हे भाबडे. प्रत्येकाने प्रत्येक जागा करून पाहावी. प्रयोगात कोणी काय करायचे ते नंतर ठरवावे. रत्नाकर मतकरी यांनी ठाण्यात वस्त्यांतील किशोरांसाठी उभ्या केलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात तर विषय आणि नाटिकाही मुलांनी स्वतः रचल्या, म्हणजे वाटप करणाराच बदलला.

शिक्षकाचा स्वतःचा दर्जाही तालमीत हजर असतोच. चौदाव्या वर्षापासून लोकरीच्या गिरणीत काम केलेल्या आणि पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) यांनी यावर एक मार्ग काढला. शिक्षकाने नाटकात भूमिका घेऊन उतरायचे, पण राजाची नव्हे. निरोप्या, मदत मागायला आलेला माणूस, काही ठाऊक नसलेला नवखा. मग निर्णय मुलांना घ्यावे लागतात, कारण विचारणाऱ्याला खरोखर माहीत नसते. सत्ता शिकवताना शिक्षकाने ती हातून सोडून दाखवली नाही, तर मुले जे शिकतात ते जोन्स यांच्या वर्गाच्या जवळ जाते. तालीम संपताना भूमिका उतरवण्याचा वेळही वेळापत्रकात हवा. खालच्या दर्जाचे काम केलेल्या मुलाला पात्राच्या नावाने हाक मारत वर्ग मधल्या सुट्टीत बाहेर पडला, तर नाटक संपलेले नसते.

ब्राझीलचे ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी प्रेक्षकालाच उठवले. त्यांच्या फोरम थिएटरमध्ये अन्यायाचा प्रवेश एकदा पूर्ण होतो; दुसऱ्यांदा सुरू झाल्यावर प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून दडपलेल्या पात्राची जागा घेते आणि वेगळे वागून पाहते. बंगालमध्ये १९८५ साली स्थापन झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था खेड्यांत हे काम करते आहे. या पद्धतीचा सर्वसाधारण नियम असा की जुलूम करणाऱ्याची जागा घ्यायची नाही, कारण तो अचानक चांगला झाला की प्रश्न जादूने सुटतो आणि कोणी काही शिकत नाही. नियम योग्य आहे. पण श्रेणीबद्ध समाजात तो अपुरा पडतो. समजा, वसतिगृहातल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ शिपाई एका मुलाला अडवतो, कारण रेक्टरने तसे तोंडी सांगितले आहे. मुलाच्या जागी एकामागून एक प्रेक्षक येतात, वाद घालतात, विनवतात, रागावतात. शिपाई हटत नाही, कारण त्याची नोकरी जाईल. मग एखादी मुलगी शिपायाची जागा मागते. तिला नाही म्हटले तर वर्ग दोन टोकांच्या नाटकाकडे परततो. हो म्हटले तर तिला आधी शिपाई आणि रेक्टर यांचा प्रवेश रचावा लागतो, जो मूळ नाटकात नव्हता, आणि त्या दिवसाची तालीम तेथून पुढे चालते.